भोंगेवाल्याची पंधरा मिनिटं

राजापेठेतल्या भगवंतरावांना कुणी विचारून पाहावं, "भाऊ, किती वाजता येता?" ते सांगणार नाहीत. येतो म्हणतील, पण कधी ते तोंडातून निघायचं नाही. लग्न असो, तेरवी असो, दवाखान्यात कुणाला बघायला जायचं असो, त्यांचं एकच, "येतो ना बाप्पा, येतो." आणि मग तुम्ही सकाळी दार उघडाल तर हा माणूस कधीचा तुमच्या ओट्यावर येऊन बसलेला, टोपी मांडीवर, कुणाला हाक नाही की काही नाही. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा तिरसट दिसतो. अहो, तिरसट कसला! ज्या माणसाच्या वेळेवर अर्धी अमरावती डबा खायला बसायची, तो आज घड्याळाचा विषय निघाला की चपला शोधायला लागतो. घरी कपडे धुवायची मशीन आहे, तिच्या तोंडावर आकडा दिसतो, त्या आकड्यावर सुभद्राबाईंनी कायमचं एक फडकं टाकून ठेवलंय. नवऱ्याची नजर जाऊ नये म्हणून.

तर हे असं का झालं, ते ऐका.

भगवंतराव एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये टाइमकीपर होते. टाइमकीपर हे कागदावर. लोकांसाठी ते भोंगेवाले. सकाळचा भोंगा, जेवणाचा भोंगा, सुटीचा भोंगा, तिन्ही त्यांच्या हातचे. दोरी धरून उभे राहायचे, डोळे घड्याळावर, आणि काटा जागेवर आला की ओढायचे. अलीकडे नाही, पलीकडे नाही. बायका त्या भोंग्यावर भात टाकायच्या, मास्तर लोक घड्याळं लावायचे. एकदा म्हणे मालकाचा पाव्हणा आला होता, त्याला भोंगा बघायची हौस, म्हणाला आत्ताच वाजवा. भगवंतरावांनी सरळ सांगितलं, "साहेब, मालक म्हनतीन तर नोकरी सोडतो, पन बेटाइम दोरी ओढनार नाही." मालक हसले म्हणून निभावलं.

बहीण दुर्गाबाई मोर्शीकडच्या एका खेड्यात दिलेली. तिची पोरगी आरती उन्हाळ्याच्या सुटीत मामाकडे यायची आणि डबा द्यायचं निमित्त करून जिनिंगवर जायची. मामाच्या हातावर आपला हात ठेवून दोरी धरायची. "मामाजी, आता?" "नाही, थांब." "आता?" "नाही ना पोट्टे." "आता?" "हं, आता!" आणि भोंगा वाजला की दोन्ही कानांवर हात ठेवून नाचायची. गावी परत गेली की मैत्रिणींना सांगायची, अमरावतीत वेळ माझे मामाजी वाजवतात.

पुढे वऱ्हाडाचे दिवस फिरले. कापूस पिकेना, पिकला तर भाव मिळेना, जिनिंगा एकामागून एक बंद पडल्या. भगवंतरावांचीही पडली. यंत्रं भंगारात गेली, त्यात भोंगा गेला. ते घरी आले आणि अक्षरशः रिकामे झाले. दुपारी बारा वाजले की उजवा हात आपोआप वर जायचा.

अशात पोरानं, शिवमनं, पुण्याहून मशीन पाठवली. समोरून काचेचं गोल दार, आत कपडे फिरताना दिसतात, आणि वर लाल आकडा, किती मिनिटं राहिली ते सांगणारा. भगवंतरावांनी तो आकडा पाहिला आणि हरखूनच गेले. खुर्ची ओढून मशीनपुढे बसायचे. अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, सेहेचाळीस... आतल्या खोलीत ओरडून सांगायचे, "अवो, आता तेवीस राह्यले!" सुभद्राबाईंना आधी मजा वाटली, मग वैताग आला. त्यांनी चार धुण्यांतच मशीनचा स्वभाव ओळखला होता. शेवटची दहा-पंधरा मिनिटं आली की ती बया अडून बसायची. पंधराचे पंधराच. कधी नऊपर्यंत उतरायची आणि पुन्हा चौदावर चढायची. सुभद्राबाई म्हणायच्या, "तिचं काय ऐकता! ते म्हनते धा अन् लावते तास." भगवंतराव चिडायचे. "कंपनीनं काय उगाच आकडा देला? तुमीच कपडे कोंबून भरता." मशीनची एवढी बाजू त्यांनी घेतली की जणू भोंगाच परत मिळाला होता.

त्याच वर्षी आरतीचं लग्न ठरलं. दोन हजार आठ-नऊचा सुमार. दुर्गाबाईचा नवरा डोमाजी भला माणूस, पण संत्र्याची बाग गेली होती. पाणी खोल गेलं, झाडं उभीच्या उभी वाळली, शेवटी तोडून चुलीला लावली. मोर्शीला सामुदायिक विवाह होणार होता, त्यात आरतीचं नाव घातलं. भगवंतरावांना ते मानवलं नाही. दुर्गाबाईनंच त्यांची समजूत घातली. "दादा, त्यात तोंड पाडाचं काय? येवढ्या पोरी एका मांडवात, एका मंगलाष्टकात. साऱ्याइच्या अक्षता साऱ्याइच्या डोक्यावर. मले तं चांगलं वाटते. पन एक आयक. मुहूर्त बाराचा. तो कोनासाठी थांबत नाही. बाकी पोरींचे मामे आपापल्या भाचीचा हात धरून उभे राह्यतीन. माह्या पोरीले खाली मान घालून एकटी उभी नोको ठेवजो. तू वेळेवर ये."

"मले सांगतं वेळेवर?" भगवंतराव म्हणाले. तेव्हा दोघंही हसले होते.

त्यांच्या घराण्याची एक रीत होती. मामाकडून नवरीला पांढरं सुती पातळ यायचं. ते मामीनं आपल्या हातानं हळदीच्या पाण्यात काढायचं, वाळवायचं, आणि लग्नाच्या दिवशी मामानं स्वतः ताटातून मांडवात न्यायचं. तेच नेसून पोरगी बोहल्यावर चढते आणि मामा तिचा हात धरून तिला नेतो. पातळ आधी पाठवत नाहीत, दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. सुभद्राबाईंनी पातळ पिवळंधमक काढलं, घडी करून ताटात ठेवलं, वर नारळ ठेवला, आणि हळदीसाठी त्या एक दिवस आधी मोर्शीला गेल्या. जाताना चारदा बजावलं, "काई करू नोका. ताट उचला अन् या."

फक्त ताट उचलायचं होतं हो. आणखी काही नाही.

लग्नाच्या सकाळी भगवंतराव अंघोळ करून तयार. जिनिंगमधला जुना सोबती अन्सार आपली व्हॅन घेऊन नऊला येणार, दहा-साडेदहाला मोर्शी. वेळ हाताशी होता. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातानं त्यांनी पातळ मांडीवर घेतलं, काठ कसा दिसतो ते बघायला. तेवढ्यात फोन वाजला. दचकले, हात हलला, अर्धा कप पातळावर.

फोन दुर्गाबाईचा होता. "दादा, निघाला का?"

चहा अजून पातळावरून जमिनीवर टिपकत होता. "हो, निघालोच," भगवंतराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी वेळेबद्दल खोटं सांगितलं आणि ते इतकं सहज निघालं की त्यांना कळलंही नाही.

आता कोणताही शहाणा माणूस काय करेल? तेवढा पदर तांब्याभर पाण्यात चोळेल, पिळेल, उन्हात धरेल, मामला खतम. पण घरात मशीन होती ना! भगवंतरावांनी पातळ उचललं आणि मशीनमध्ये टाकलं. पावडर टाकली. दार लावलं. आकडा उमटला, अठ्ठेचाळीस. दहाला राजापेठेची लाइट जायची होती, भारनियमनाचा आपला रोजचा नेम. त्याच्या कितीतरी आधी मशीन मोकळी होणार, असं मशीन स्वतः सांगत होती. त्यांनी हिशेब केला, चोख बसला, आणि ते खुर्ची ओढून बसले.

काचेतून पाहिलं तर पातळ लाल! हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घाईत या माणसाला आठवलं नाही. पिवळ्यावर रक्त सांडल्यासारखे डाग फिरत होते. पण पुढच्या पाण्यात साबण जाईल, रंग परत येईल, हेही त्यांना माहीत होतं. आणि तो थोडाथोडा येतही होता. थांबायला हवं होतं, बस.

नऊला अन्सार आला. भगवंतराव अजून बनियनवर. "क्या भाऊ, नवरी के मामा और अब तक ऐसेच? चलो ना!"

"बस, पंधरा मिनिटं," भगवंतराव मशीनकडे बोट करून म्हणाले. आकडा पंधराच होता. ते काही खोटं बोलत नव्हते. मशीन बोलत होती.

एकटं लांबलचक सुती पातळ, पाणी पिऊन त्याचा झाला गोळा. मशीन पिळायला घेई, धडाधड हादरे बसत, की थांबे. उलटं फिरवून सोडवायला बघे, पुन्हा पिळायला घेई, पुन्हा धडाधड. आकडा पंधरा. मग बारा झाला. भगवंतराव उठून सदरा घालायला गेले, परत आले तर पुन्हा पंधरा. सुभद्राबाईंचं बोलणं कानात वाजायला लागलं, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्यांना कळून चुकलं होतं की या आकड्यात काही राम नाही. पण जो माणूस वर्षभर बायकोशी त्या आकड्यासाठी भांडला, तो आता अन्सारसमोर ते कसं कबूल करेल?

फोन वाजला. "दादा, कुठलोक आला?"

"येऊन राहिलो ना. पंधरा मिनिटं इकडंतिकडं."

अन्सारनं ओट्यावरून वळून पाहिलं. आकडा नऊवर आला, आठवर आला. आणि दहाला, आपल्या नेमाला धरून, लाइट गेली.

मशीन आंधळी झाली. दार कुलूपबंद, पोटात पाणी, पाण्यात पातळ. भगवंतरावांनी दार ओढलं, हिसडलं, काचेवर थापट्या मारल्या. अन्सार म्हणाला, "स्क्रूड्राइवर लाऊं? तोड देतें दरवाजा." आणि इथं या माणसानं काय म्हणावं? "नोको नोको, पोरानं घेतलेली मशीन हाय." भाचीच्या मुहूर्ताच्या दिवशी त्यांनी मशीन जपली. पुढे कितीतरी दिवस ते स्वतःला हेच विचारत राहिले, की तेव्हा माझ्या तोंडातून ते आलंच कसं.

अन्सार समजुतीनं बोलला. "भाऊ, मेरी सुनो. छोडो पातळ. रस्ते में कपडे की दुकान से पिला पातळ ले लेंगे. बहन को क्या बोलना है वो सच बोल दो. उनको मामा होना, कपडा नहीं."

भगवंतरावांना हे पटलं नाही असं नाही. पटलं होतं. पण मांडवात शिरायचं, दहा माणसांत ताट पुढे करायचं आणि सांगायचं काय? की मी बसल्या बसल्या पातळावर चहा सांडला? की बायकोनं चारदा बजावलं होतं? की भोंगेवाल्यानं मशीनवर भरवसा ठेवला? लाजेनं त्यांनी खुर्ची पुन्हा मशीनपुढे ओढली. "कधी कधी लाइट लवकरई येते," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं पाहू."

त्या पंधरा मिनिटांची पंधरा मिनिटं किती वेळा झाली ते विचारू नका. दोघं अंधारल्या मशीनपुढे बसून राहिले.

साडेअकराच्या सुमाराला दुर्गाबाईचा फोन आला. मागे सनई, माइकवर कुणीतरी जोड्यांची नावं वाचतंय. दुर्गाबाई हळू बोलत होती. "दादा, एक इचारतो, राग मानू नोको. वेळ लागत असंन तं सांगून दे. आमी चुलतमामाले उभं करतो, माह्या जवळचं पातळ नेसवतो. तुह्यावर कोनी रागवत नाही. फक्त खरं सांग."

बघा, दार उघडं ठेवलं होतं बहिणीनं. इतकं कोण उघडं ठेवतं! एक शब्द बोलायचा होता. भगवंतरावांनी तोंड उघडलं, आणि आतून आलं काय, "माहुली ओलांडली व दुर्गे. पंधरा मिनिटं. थांबा."

फोन ठेवला. अन्सार उठून व्हॅनपाशी गेला आणि फडक्यानं काच पुसायला लागला. पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिला.

लाइट आली तेव्हा मुहूर्त होऊन गेला होता. मशीन जागी झाली, तिनं आकडा दाखवला, आणि तो आकडाही तिनं पाळला नाही. शेवटी एकदाचं दार उघडलं. पातळ ओलंच होतं, पिवळ्याचं फिकट झालेलं, पदराजवळ एक तांबूस डाग राहिलेला. चहाचा की साबणाचा, आता कोण सांगणार? भगवंतरावांनी ते छातीशी धरलं, कोरडा सदरा भिजला, ताट-नारळ उचललं आणि व्हॅनमध्ये बसले.

मोर्शीच्या रस्त्यानं व्हॅन धावत होती आणि खिडकीतून हळदीचं पातळ फडफडत होतं. दोन्ही टोकं मुठीत धरून भगवंतराव ते वाऱ्यावर वाळवत होते. बाजूनं संत्र्याच्या तोडलेल्या बागांचे बुंधे मागे जात होते. वाटेतली माहुली तर तेव्हा खरोखर ओलांडली. तेव्हा कुठे. फोन दोनदा वाजला आणि त्यांनी तो उचलला नाही.

मांडवात पोचले तेव्हा मंडपवाले खुर्च्यांची चळत लावत होते. लग्नं लागून गेली होती. एक सोडून सगळ्या जोड्या जेवून उठल्या होत्या, फोटो काढून झाले होते, बँडवाले बिडी ओढत बसले होते. माइक आणि सनईवाल्यांचं सामान एक माणूस टेम्पोत चढवत होता. आणि त्या एवढ्या मोठ्या मांडवाच्या एका कडेला, मुंडावळ्या बांधलेली आरती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. दुसऱ्या कडेला नवरदेव, त्याच्या घरच्यांची तोंडं फुगलेली. मधल्या जागेत अक्षतांचा सडा पडला होता. दुसऱ्यांच्या अक्षतांचा.

कुणी काही विचारलं नाही, हे सगळ्यात वाईट झालं. दुर्गाबाई पुढे आली, भावाच्या तोंडाकडे नुसतं पाहिलं आणि ताट घेतलं. सुभद्राबाईंनी पातळाला हात लावला मात्र, त्यांना सगळं समजलं. ओलं सुती कापड, पावडरीचा वास. बाईनं एकदा डोळे मिटले. मग वळून नवरदेवाच्या बापाला मोठ्यानं म्हणाल्या, "गाडी पंक्चर झाली होती व्याहीबुवा. रस्त्यात पंक्चरवाला कोनी भेटला नाही. वरून पान्याची कॅन सांडली पातळावर. काय करतीन बिचारे!"

"असल्या खटाऱ्या गाड्या घ्याच कायले लग्नाले!" कुणीतरी बोललं. "मालकाले अक्कल पाह्यजे."

अन्सार तिथंच उभा होता. त्यानं भगवंतरावांकडे पाहिलं नाही. खाली मान घालून म्हणाला, "गलती हो गई भाऊ. टायर पुराना था." चार चाकं नवीकोरी होती हो त्याच्या व्हॅनची. महिनाही झाला नव्हता टाकून. भगवंतरावांना वाटलं, इथंच जमीन दुभंगावी. आणि तरी त्यांनी "नाही, गाडीचं काई नाही" असं म्हटलं नाही. मित्रानं अंगावर घेतलं आणि यांनी घेऊ दिलं.

आरती आत गेली आणि ते ओलं पातळ नेसून आली. अंगाला चिकटत होतं. भगवंतरावांनी तिचा हात धरला. थंडगार हात. दोरीवर जो हात त्यांच्या हातावर असायचा, तोच. बोहल्यापर्यंतचं चार पावलांचं अंतर त्यांना सरता सरेना. भटजी दुसरीकडे निघाले होते, त्यांना अर्ध्या वाटेवरून वळवून आणलं होतं. त्यांनी माइकशिवाय, घाईघाईत मंगलाष्टकं म्हटली. अक्षता टाकायला वीस-पंचवीस माणसं. खुर्च्या उचलणारी दोन पोरंही हातातलं काम टाकून उभी राहिली आणि त्यांनी मूठ मूठ टाकल्या, तेवढंच.

जेवायला बसले तेव्हा वरण थंड झालं होतं. दुर्गाबाई स्वतः वाढायला आली. भावाच्या ताटात बुंदी टाकता टाकता बोलायला लागली. रागानं नाही, कौतुकानं बोलली ती, आणि म्हणूनच सहन होईना.

"लोकं लय म्हनत होते, दादा. चुलतमामाले उभं करा, करा. मंडळवाले दोनदा येऊन गेले. मी बी म्हटलं, चाल बाई उठ. पन ही उठूनच नाही राह्यली. म्हने, माह्या मामाजीनं पंधरा मिनिटं म्हटलं ना, मंग पंधराच मिनिटं होतीन. माह्या मामाजीची वेळ कधी चुकली का? मंगलाष्टकं सुरू झाली तरी हिचं तेच. सारा मांडव उभा, अन् ही एकली बसलेली रस्त्याकडं पाहत."

भगवंतरावांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांना वाटत होतं, आरतीला कुणी थांबवून ठेवलं असेल, रीतीभातीसाठी, पातळासाठी. तिला कुणीही थांबवलं नव्हतं. ती त्यांच्या शब्दावर थांबली होती. आपल्या मशीनच्या शब्दावर ते थांबले होते, आणि त्यांच्या शब्दावर ती पोरगी.

पाठवणीच्या वेळी आरती पाया पडायला वाकली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. इतर बायका रडारडीत होत्या. त्यांनी तिला बाजूला ओढलं आणि एका दमात बोलून टाकलं, "पोट्टे, गाडी पंक्चर नव्हती झाली व. मी घरातच होतो. माहुली ओलांडली म्हटलं तवा मी घरातच बसलो होतो. चहा सांडला होता माह्या हातून, मशीनमंदी टाकलं, ते निंगंना..."

आरतीनं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे रडून लाल होतेच. "मले माहीत हाये, मामाजी."

"कसं?"

"पातळाले पावडरीचा वास येते." तिनं पदर थोडा उचलला, पुन्हा सोडला. "अन् इथं लाल झालं. नेसतानाच समजलं. आईले नोका सांगू. आईले वाटते गाडीवाल्याची चूक, ते परवडलं तिले. तुमी घरात होते, हे नाही परवडनार."

भगवंतराव मान हलवत राहिले. काही बोलायचं होतं, माफ कर म्हणायचं होतं, पण मामानं भाचीला असं म्हणायचं कसं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गाडी सुरू झाली. आरती चढली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "उद्या मले माहेरी न्याले तुमीच या मामाजी. माह्या सासरी, चांदूर बाजारले. किती वाजता..."

आणि थांबली. अर्ध्यातच. तिनं मामाच्या तोंडाकडे पाहिलं, चटकन नजर वळवली आणि हसून म्हणाली, "जवा जमंल तवा या. मी तयारच राह्यतो."

गाडी गेली. लहानपणी "आता? आता?" म्हणून जीव खाणारी पोरगी, तिनं मामाला वेळ विचारायचं सोडून दिलं होतं. मामाला लाज वाटू नये म्हणून. भगवंतराव रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला, तेव्हा कुठे सुभद्राबाईंनी त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते चांदूर बाजारला गेले. व्याह्यांचं दार उघडलं नव्हतं. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. कुणाला हाक मारली नाही. उजाडलं, गाईंचा कळप गेला, दूधवाला आला, त्यानं विचारलं, "कोन पाह्यजे?" "काई नाही, बसलो," ते म्हणाले.

मग आरती सडा टाकायला बादली घेऊन बाहेर आली. मामाला पाहून जागीच उभी राहिली. मामाजी, कधीचे येऊन बसले, असं तिनं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. बादली ठेवून ती आत गेली आणि चहा घेऊन आली. अंगणातल्या दोरीवर ते पातळ वाळत होतं, पदराकडचा तांबूस डाग रस्त्याच्या बाजूला आलेला. भगवंतराव त्याच्याकडे पाठ करून बसले आणि त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.